जीवाणुविषजन्य तीव्र फुप्फुसदाह

जीवाणुविषजन्य तीव्र फुप्फुसदाह म्हणजे जीवाणूंनी सोडलेल्या किंवा मृत जीवाणूंच्या आवरणातून सुटणाऱ्या विषद्रव्यांमुळे फुप्फुसांत अल्पावधीत उद्भवणारा दाह होय. या अवस्थेत वायुकोशांच्या भिंती सुजतात, केशवाहिन्यांतून द्रव पाझरून वायुकोशांत साचतो आणि रक्ताला पुरेसा ऑक्सिजन मिळेनासा होतो. गंभीर न्यूमोनिया आणि सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणे) यांत त्याचे प्राणघातक रूप दिसते. कापसाची किंवा धान्याची धूळ श्वासावाटे आत गेल्यास त्याचे सौम्य रूप आढळते. महाराष्ट्रातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांत कापसाचे जिनिंग आणि डाळ मिल हे दोन्ही व्यवसाय असल्यामुळे मराठवाड्यात या विषयाला रुग्णालयाइतकेच कामगारांच्या आरोग्याच्या दृष्टीनेही महत्त्व आहे.

हा दाह शमवण्यासाठी गेल्या चार-पाच दशकांत अनेक औषधे वापरून पाहण्यात आली. प्राण्यांवरील प्रयोगांत यशस्वी ठरलेली बहुतेक औषधे रुग्णांवरील चाचण्यांत अपयशी ठरली. कॉर्टिकोस्टेरॉइड वर्गातील औषधांचा ठरावीक रुग्णांत, योग्य मात्रेत आणि योग्य वेळी उपयोग होतो, हा या संशोधनाचा मुख्य निष्कर्ष आहे. धुळीमुळे होणाऱ्या प्रकारात धुळीपासून दूर राहणे हाच सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो.

संज्ञा

इजा, संसर्ग किंवा विष यांना शरीराने दिलेल्या संरक्षक प्रतिसादाला वैद्यकात 'दाह' किंवा 'शोथ' म्हणतात. लाली, सूज, उष्णता व वेदना ही त्याची परंपरेने सांगितली जाणारी चार लक्षणे होत. त्वचेवरील गळवात ती डोळ्यांना दिसतात. फुप्फुसांत मात्र सुजेमुळे वायूंची देवाणघेवाणच अडते, म्हणून तेथील दाह अधिक घातक असतो.

या दाहाच्या तीव्रतम अवस्थेस 'तीव्र श्वसनक्लेश संलक्षण' (एआरडीएस) म्हणतात. अमेरिकेतील अ‍ॅशबॉ, पेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात १२ रुग्णांच्या नोंदींवरून तिचे प्रथम वर्णन केले. २०१२ च्या 'बर्लिन व्याख्ये'नुसार रक्तातील ऑक्सिजनचा दाब व श्वासावाटे दिलेल्या ऑक्सिजनचे प्रमाण यांचे गुणोत्तर ३०० किंवा त्याहून कमी असल्यास ही अवस्था मानली जाते. गुणोत्तर १०० किंवा त्याहून कमी असल्यास ती तीव्र समजतात.

विषद्रव्ये व त्यांचे स्रोत

जीवाणूंच्या विषद्रव्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत.

अंतर्विष: ग्रॅम-ऋण जीवाणूंच्या बाह्य आवरणात लिपोपॉलिसॅकराइड (एलपीएस) नावाचा रेणू असतो. जीवाणू मेला किंवा विभागला की हा रेणू सुटा होतो. त्यातील 'लिपिड ए' हा भाग दाहास कारणीभूत असतो. जर्मन शास्त्रज्ञ रिखार्ड फायफर यांनी १८९२ मध्ये बर्लिन येथे रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत पटकीच्या जीवाणूंवर काम करीत असताना मृत जीवाणूही विषारी असतात हे दाखवले आणि त्यातून 'एंडोटॉक्सिन' म्हणजे अंतर्विष ही संकल्पना रूढ झाली. ई. कोलाय, क्लेबसिएला, स्यूडोमोनास हे जीवाणू अंतर्विषाचे नेहमीचे स्रोत आहेत.

बहिर्विष: ही प्रथिने जिवंत जीवाणू बाहेर सोडतात किंवा ती पेशी फुटल्यावर मुक्त होतात. न्यूमोकॉकसचे 'न्यूमोलायसिन' हे विष पेशींच्या पटलाला छिद्रे पाडते. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या काही वाणांचे 'पॅन्टन-व्हॅलेंटाइन ल्युकोसिडिन' पांढऱ्या पेशींचा नाश करते आणि त्यातून फुप्फुसाचा भाग कुजणारा न्यूमोनिया होऊ शकतो. डांग्या खोकल्याच्या जीवाणूचे विषही याच गटात मोडते.

विष फुप्फुसांत तीन मार्गांनी पोहोचते. न्यूमोनियात ते तेथेच तयार होते. मूत्रमार्ग, पोट किंवा बाळंतपणानंतर गर्भाशय येथील संसर्गात ते रक्तावाटे येते. कापूस, धान्य, चारा किंवा कचरा यांच्या धुळीत चिकटलेले अंतर्विष थेट श्वासावाटे आत जाते. या तिसऱ्या मार्गात जिवंत जीवाणूंचा संसर्ग होणे आवश्यक नसते.

दाह कसा निर्माण होतो

अंतर्विष रक्तातील एका प्रथिनाला जोडले जाऊन 'सीडी-१४' या रेणूमार्फत पेशीच्या पृष्ठभागावरील 'टीएलआर-४' या ग्राहकापर्यंत पोहोचते. हा ग्राहक म्हणजे शरीराची धोक्याची घंटा होय. उंदरांमध्ये अंतर्विषाची जाणीव याच ग्राहकामुळे होते, हे ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले. त्यांना २०११ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार ज्यूल्स हॉफमन व राल्फ स्टाइनमन यांच्यासह विभागून मिळाला.

टीएलआर-४ जागृत झाला की पेशीच्या आत 'एनएफ-कप्पा बी' हा घटक केंद्रकात शिरतो आणि टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ यांसारखी दाहकारक प्रथिने तयार होऊ लागतात. त्यांच्या हाकेला ओ देऊन न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी फुप्फुसांत गोळा होतात. जीवाणू मारण्यासाठी त्या जी विकरे आणि ऑक्सिजनची क्रियाशील रूपे सोडतात, त्यांमुळे वायुकोशांचे नाजूक अस्तरही भाजून निघते. केशवाहिन्या गळू लागतात, प्रथिनयुक्त द्रव वायुकोशांत शिरतो आणि फुप्फुस पाणी प्यायलेल्या स्पंजासारखे जड होते.

उपचारातील मुख्य पेच येथेच आहे. जी यंत्रणा फुप्फुसाला इजा करते, तीच जीवाणूंचा नायनाटही करते. दाह पूर्णपणे दाबला तर संसर्ग बळावतो आणि मोकळा सोडला तर रुग्ण गुदमरतो.

लक्षणे व निदान

संसर्गजन्य प्रकारात ताप, थंडी, खोकला, जलद श्वास, छातीत दुखणे, ओठ-नखे निळसर होणे व गुंगी ही लक्षणे दिसतात. छातीच्या क्ष-किरण चित्रात दोन्ही बाजूंना पांढरे धुरकट ठिपके किंवा पट्टे आढळतात. हृदय निकामी झाल्यामुळे फुप्फुसांत पाणी साचले तरी चित्र असेच दिसते, म्हणून ती शक्यता तपासून वगळावी लागते.

बर्लिन व्याख्येनुसार निदान करण्यासाठी रक्तवायू तपासणी व श्वसनयंत्र आवश्यक असते. ग्रामीण रुग्णालयांत या सोयी नेहमी नसतात. त्यामुळे २०२३ मध्ये मांडलेल्या नव्या जागतिक व्याख्येत बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरची नोंद आणि छातीची सोनोग्राफी यांनाही मान्यता देण्यात आली. तालुक्याच्या ठिकाणी रुग्ण वेळेवर ओळखून त्याला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलवण्याच्या दृष्टीने हा बदल उपयुक्त आहे.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५० देशांतील 'लंग सेफ' या पाहणीत एआरडीएसच्या रुग्णांपैकी सुमारे ४० टक्के रुग्ण रुग्णालयात दगावल्याचे आढळले. न्यूमोनिया हे त्याचे सर्वाधिक आढळणारे कारण होते.

मूळ उपचार

दाहशामक औषधे ही पूरक उपचार म्हणून दिली जातात. त्यांच्याआधी पुढील गोष्टी आवश्यक असतात.

प्रतिजैविके: जीवाणूंचा नाश झाल्याशिवाय विषाचा उगम थांबत नाही. काही प्रतिजैविके जीवाणूचे आवरण फोडतात, तेव्हा काही काळ विष अधिक प्रमाणात सुटू शकते. विष निर्माण करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस व स्ट्रेप्टोकॉकस यांच्या गंभीर संसर्गात क्लिंडामायसिनसारखे, जीवाणूंची प्रथिननिर्मिती रोखणारे औषध जोडीला देण्यामागे विषाचे उत्पादन कमी करणे हाच हेतू असतो.

प्रतिजैविकांचे अग्रस्थान १९९४ च्या प्लेगमध्ये ठळकपणे दिसले. त्या वर्षी बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग आणि त्यानंतर सुरत येथे फुप्फुसाचा प्लेग आढळला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांत साठवणीच्या धान्यावर उंदीर वाढले आणि त्यातून मराठवाड्यात प्लेग उद्भवला, असे स्पष्टीकरण त्या काळी मांडले गेले. प्लेगचा जीवाणू मानवी शरीराच्या तापमानाला आपल्या अंतर्विषाची रचना बदलतो व टीएलआर-४ या ग्राहकाला चकवतो. त्यामुळे दाह उशिरा सुरू होतो, पण तोवर जीवाणूंची संख्या अतोनात वाढलेली असते. अशा रोगात टेट्रासायक्लीनसारखे प्रतिजैविक लवकर मिळणे हेच जीव वाचवण्याचे मुख्य साधन ठरते.

ऑक्सिजन व श्वसनयंत्र: श्वसनयंत्राने फुप्फुसे प्रमाणाबाहेर फुगवल्यास दाह आणखी वाढतो. अमेरिकेतील ८६१ रुग्णांच्या चाचणीत (२०००) प्रत्येक श्वासात अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ मिलिलिटर हवा दिल्याने मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले.

पालथे झोपवणे: फ्रान्स व स्पेनमधील ४६६ रुग्णांच्या 'प्रोसेव्हा' चाचणीत (२०१३) तीव्र रुग्णांना दिवसातून दीर्घकाळ पालथे ठेवल्याने २८ दिवसांतील मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. या उपायाला नवे औषध लागत नाही, मात्र प्रशिक्षित परिचारिका व पुरेसे मनुष्यबळ लागते.

दाहशामक उपचार

कॉर्टिकोस्टेरॉइड

ही औषधे एनएफ-कप्पा बी या घटकाला आवर घालतात व दाहकारक प्रथिनांची निर्मिती कमी करतात. त्यांचा इतिहास चढ-उतारांचा आहे.

१९८७ मध्ये एआरडीएसच्या ९९ रुग्णांना मिथाइलप्रेडनिसोलोनची अतिशय मोठी मात्रा केवळ एक दिवस देण्यात आली. तिचा काहीही लाभ झाला नाही. २००६ च्या अमेरिकी चाचणीत आजार सुरू होऊन किमान सात दिवस झालेल्या १८० रुग्णांना मध्यम मात्रा देण्यात आली. एकूण मृत्युप्रमाणात फरक पडला नाही आणि ज्यांना १४ दिवसांनंतर औषध सुरू झाले, त्यांच्यात मृत्यू वाढले.

२०२० मध्ये चित्र बदलले. स्पेनमधील २७७ रुग्णांच्या चाचणीत डेक्सामेथासोन लवकर सुरू करून दहा दिवसांपर्यंत दिले असता ६० दिवसांतील मृत्यू ३६ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीने ऑक्सिजनची गरज असलेल्या कोविड-१९ रुग्णांत हेच औषध जीव वाचवते असे दाखवले. तो आजार विषाणूचा असला, तरी त्यामुळे दाहशामक उपचारांकडे नव्याने लक्ष गेले. २०२३ मध्ये फ्रान्समधील सुमारे ८०० रुग्णांच्या 'केप कॉड' चाचणीत तीव्र न्यूमोनियात हायड्रोकॉर्टिसोन लवकर दिल्याने २८ दिवसांतील मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आले. या निष्कर्षांनंतर अमेरिकेतील अतिदक्षता वैद्यकाच्या संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत रुग्णालयात दाखल केलेल्या तीव्र जीवाणुजन्य न्यूमोनियाच्या प्रौढ रुग्णांना स्टेरॉइड देण्याची शिफारस केली.

या चाचण्यांतून तीन गोष्टी स्पष्ट होतात. मात्रा मध्यम असावी, उपचार लवकर सुरू व्हावेत, आणि रुग्ण खरोखर गंभीर असावा. सौम्य न्यूमोनियात स्टेरॉइडचा लाभ सिद्ध झालेला नाही. इन्फ्लुएन्झाच्या न्यूमोनियात तर ती हानिकारक ठरू शकतात, असे निरीक्षणात्मक अभ्यासांत आढळले आहे.

स्टेरॉइडमुळे रक्तशर्करा वाढते, सुप्त क्षयरोग जागा होऊ शकतो आणि बुरशीजन्य संसर्गाचा धोका वाढतो. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत भारतात म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. महाराष्ट्र हे त्याची झळ अधिक बसलेल्या राज्यांपैकी एक होते. अनियंत्रित मधुमेह व स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्याची दोन प्रमुख कारणे मानली गेली. धाप लागली किंवा ताप हटला नाही म्हणून तपासणीविना स्टेरॉइडचे इंजेक्शन घेणे किंवा जुन्या चिठ्ठीवर दुकानातून गोळ्या आणणे यामुळेच धोकादायक ठरते.

अपयशी ठरलेले प्रयत्न

अंतर्विष-विरोधी प्रतिपिंड: 'एचए-१ए' या प्रतिपिंडाचे १९९१ मधील निष्कर्ष आशादायक होते व युरोपातील काही देशांत त्याची विक्रीही सुरू झाली. दुसऱ्या चाचणीत लाभ न दिसल्याने १९९३ मध्ये ते मागे घेण्यात आले.

एरिटोरान: हे औषध टीएलआर-४ चा मार्ग थेट अडवते. तत्त्वतः ते अचूक भासत होते. गंभीर सेप्सिसच्या सुमारे २,००० रुग्णांच्या चाचणीत (२०१३) २८ दिवसांतील मृत्यू औषध घेणाऱ्यांत २८.१ टक्के, तर न घेणाऱ्यांत २६.९ टक्के होते.

आयबुप्रोफेन: १९९७ मध्ये सेप्सिसच्या ४५५ रुग्णांत ताप कमी झाला, पण मृत्यू कमी झाले नाहीत.

स्टॅटिन: कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या या औषधांत दाहशामक गुण आहेत. २०१४ मध्ये एआरडीएसच्या रुग्णांवर रोसुव्हास्टॅटिन व सिम्व्हास्टॅटिन यांच्या दोन स्वतंत्र चाचण्या प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत लाभ आढळला नाही.

शिरेतून साल्ब्युटामॉल: ब्रिटनमधील ३२६ रुग्णांच्या चाचणीत (२०१२) मृत्यू वाढल्याचे दिसल्याने ती मध्येच थांबवावी लागली.

रक्त गाळून अंतर्विष काढणे: पॉलिमिक्सिन-बी लावलेल्या गाळणीतून रक्त फिरवण्याच्या २०१८ मधील मोठ्या चाचणीत एकूण मृत्युप्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही.

प्रयोगशाळा आणि रुग्ण यांतील अंतर

औषधनिर्माणशास्त्र व जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या विषयावरील बहुतेक शोधनिबंध उंदरांवरील प्रयोगांचे आढळतात. उंदराच्या नाकातून किंवा श्वासनलिकेतून ई. कोलायचे अंतर्विष देतात. काही तासांनी फुप्फुस धुऊन मिळालेल्या द्रवातील न्यूट्रोफिल, प्रथिने व टीएनएफ-अल्फा मोजतात आणि फुप्फुसाच्या ओल्या व कोरड्या वजनाचे गुणोत्तर काढतात. औषध दिलेल्या गटात हे आकडे कमी आले, तर औषधाला दाहशामक म्हटले जाते. भारतात असे प्रयोग करण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नीतिविषयक समितीची परवानगी आवश्यक असते.

असे निबंध वाचताना पुढील मुद्दे लक्षात घ्यावे लागतात.

- अनेक प्रयोगांत औषध विषाच्या आधी किंवा विषासोबतच दिलेले असते. रुग्ण मात्र आजार जडल्यावर, कित्येकदा दोन-तीन दिवसांनी, रुग्णालयात येतो.
- उंदीर अंतर्विषाला फारसा संवेदनशील नाही. त्याला दर किलोमागे मिलिग्रॅमच्या प्रमाणात विष द्यावे लागते. निरोगी मानवी स्वयंसेवकांत दर किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅम एवढ्या सूक्ष्म मात्रेनेही ताप व थंडी येते.
- प्रयोगात केवळ शुद्ध विष असते. रुग्णात जिवंत जीवाणू असतात व दाह दाबल्यास ते वाढू शकतात.
- प्रयोगातील उंदीर तरुण व निरोगी असतात. रुग्ण बहुधा वयस्क, मधुमेही किंवा कुपोषित असतो.

म्हणून प्राण्यांतील यश ही संशोधनाची पहिली पायरी होय. ते उपचाराच्या परिणामकारकतेचा पुरावा मानले जात नाही.

वनस्पतिजन्य व घरगुती उपाय

हळदीतील करक्युमिन, काळमेघातील अँड्रोग्राफोलाइड आणि कांद्यातही आढळणारे क्वेर्सेटिन ही द्रव्ये अंतर्विषाने पीडित उंदरांत दाह कमी करतात, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. नांदेड व शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात हळद हे महत्त्वाचे पीक असून वसमत ही तिची मोठी बाजारपेठ आहे, त्यामुळे करक्युमिनविषयी या भागात विशेष कुतूहल आढळते. मात्र करक्युमिन आतड्यांतून फारच कमी शोषले जाते. मिरीतील पायपेरिनमुळे शोषण वाढते; परंतु गंभीर फुप्फुसदाहाच्या रुग्णांत करक्युमिनने जीव वाचतात असे दाखवणारी मोठी चाचणी उपलब्ध नाही. हळदीचे दूध घशाला आराम देते. ते प्रतिजैविकाची किंवा ऑक्सिजनची जागा घेऊ शकत नाही.

अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्याच्या अभ्यासातून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. ते दाहशामक या अर्थाने वापरले जात नाही.

धुळीच्या कामावर गूळ खाण्याची प्रथा भारतात अनेक ठिकाणी आहे. लखनौ येथील संशोधकांनी १९९४ मध्ये उंदरांच्या जातीच्या प्राण्यांवर केलेल्या प्रयोगात गुळामुळे फुप्फुसांतील धूलिकण बाहेर जाण्यास मदत होते असे नोंदवले. कामगारांमध्ये गुळाने आजार टळतो हे मात्र सिद्ध झालेले नाही. म्हणून गूळ वाटणे हा धूळ कमी करण्याला पर्याय होऊ शकत नाही.

मराठवाड्यातील संदर्भ: कापूस व धान्याची धूळ

नांदेडचा कापसाशी जुना संबंध आहे. निझाम राजवटीत येथे उस्मानशाही कापडगिरणी होती. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राने विकसित केलेला 'एनएचएच-४४' हा संकरित वाण १९८० च्या दशकात दूरवर पसरला. कापूस वेचणीनंतर साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम चालतो. लातूर हे तूर व सोयाबीनच्या व्यापाराचे आणि डाळ मिलचे मोठे केंद्र आहे.

कापसाच्या बोंडाभोवतालच्या वाळलेल्या पानांवर ग्रॅम-ऋण जीवाणू, विशेषतः पँटोइया अ‍ॅग्लोमेरन्स, वाढलेले असतात. रुई व सरकी वेगळी करताना या पानांचा चुरा हवेत उडतो व त्यासोबत अंतर्विष फुप्फुसांत शिरते. धान्य उतरवणे, चाळणे व भरडणे या कामांतही असेच घडते. त्यातून दोन प्रकारचे त्रास होतात.

सेंद्रिय धूलिविष संलक्षण: हंगामाच्या पहिल्या दिवशी किंवा बंद कोठारातील जुने, दमट धान्य उपसल्यावर चार ते आठ तासांनी ताप, हुडहुडी, अंगदुखी व कोरडा खोकला सुरू होतो. क्ष-किरण चित्र बहुधा स्वच्छ असते. एक ते तीन दिवसांत त्रास आपोआप कमी होतो. हा संसर्ग नसल्यामुळे प्रतिजैविकांची गरज नसते. विश्रांती व तापाचे साधे औषध पुरेसे असते. हिवताप किंवा फ्लू समजून चुकीचे उपचार होऊ नयेत म्हणून डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगणे महत्त्वाचे असते.

बिसिनोसिस: कापसाच्या धुळीत काही वर्षे काम केल्यावर छाती आवळल्यासारखी होते व दम लागतो. साप्ताहिक सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी हा त्रास सर्वाधिक असतो, म्हणून इंग्रजीभाषक देशांत त्यास 'सोमवारचा ताप' असे नाव पडले. सलग कामात शरीर विषाला काहीसे सरावते आणि सुट्टीत ही सहनशीलता ओसरते. ज्या कारखान्याला बाजाराच्या दिवशी सुट्टी असते, तेथे हा 'सोमवार' अर्थातच बाजाराच्या दुसऱ्या दिवशी येतो. पुढील अवस्थेत त्रास रोजचा होतो व फुप्फुसांची क्षमता कायमची घटते.

मुंबईच्या कापडगिरण्यांतील कामगारांत बिसिनोसिस आढळत असल्याचे तेथील डॉक्टरांच्या अभ्यासांतून पुढे आले. त्यांपैकी एक अभ्यास १९९५ मध्ये 'नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया'मध्ये प्रसिद्ध झाला. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत बिसिनोसिसचा समावेश शासनाला कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत करण्यात आला. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातही तो व्यवसायजन्य रोग मानला गेला. जिनिंगमधील कामगार मात्र बहुधा हंगामी व कंत्राटी असतात. हंगाम संपल्यावर ते ऊसतोडीला, बांधकामावर किंवा गावी परत जातात. त्यामुळे वर्षानुवर्षांची तपासणी व रोजगाराची नोंद यांचा मेळ बसत नाही आणि भरपाईसाठी आवश्यक पुरावा उभा करणे अवघड जाते. वयोमानाने आलेला दमा किंवा बिडीचा परिणाम म्हणून हा आजार दुर्लक्षिला जाण्याची शक्यता असते.

उपचारात श्वासनलिका रुंदावणारे साल्ब्युटामॉल हे औषध श्वासावाटे देतात. दम्यासारखी लक्षणे टिकून राहिल्यास श्वासावाटे घ्यायच्या स्टेरॉइडचा उपयोग केला जातो. ही मात्रा अल्प असल्याने गोळ्या-इंजेक्शनच्या तुलनेत दुष्परिणाम कमी होतात. मात्र धुळीतील काम चालू असेल, तर औषधांचा लाभ तात्पुरता ठरतो. आरंभीच्या अवस्थेत काम बदलल्यास प्रकृती सुधारू शकते. उशीर झाल्यास झालेली हानी भरून निघत नाही.

साखर कारखान्यांतील बुरसटलेल्या उसाच्या चिपाडाच्या धुळीमुळे होणारा 'बगॅसोसिस' हा आजार वरवर सारखा भासला, तरी तो अधिहर्षतेचा (अ‍ॅलर्जीचा) प्रकार आहे. त्याची प्रक्रिया व उपचार वेगळे आहेत.

प्रतिबंध

- धूळ उगमापाशीच खेचून घेणारी यंत्रणा बसवणे, यंत्रे झाकलेली ठेवणे, झाडूऐवजी निर्वात यंत्राने किंवा ओल्या पद्धतीने सफाई करणे. अमेरिकेत १९७८ मध्ये सूतनिर्मितीच्या विभागांत कापसाच्या धुळीची मर्यादा दर घनमीटर हवेत २०० मायक्रोग्रॅम ठरवण्यात आली. त्यानंतर तेथे बिसिनोसिसचे प्रमाण घटले.
- कापूस व धान्य कोरडे ठेवणे. दमटपणात जीवाणू व बुरशी वाढतात.
- चेहऱ्याला घट्ट बसणारा, सूक्ष्म कण गाळणारा मुखपट वापरणे. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणे जाडसर धूळ अडवते, सूक्ष्म कण अडवू शकत नाही.
- कामावर घेताना व दर हंगामात फुप्फुसांची क्षमता तपासणे (स्पायरोमेट्री). पाळीच्या आधी व नंतरच्या नोंदींतील घट ही आजाराची पहिली खूण असते.
- धूम्रपान टाळणे. त्यामुळे कापसाच्या धुळीचा परिणाम अधिक तीव्र होतो.
- लसीकरण. न्यूमोकॉकसची लस भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर बालकांना मोफत दिली जाते. डांग्या खोकला व हिमोफिलस इन्फ्लुएन्झा-बी यांपासून पंचगुणी लस संरक्षण देते.

ताप व खोकल्यासह श्वास जलद होणे, बोलताना दम लागणे, ओठ निळसर पडणे, गुंगी येणे किंवा ऑक्सिजनची पातळी ९४ टक्क्यांखाली जाणे ही तातडीने रुग्णालयात जाण्याची चिन्हे होत.

हेही पहा

- न्यूमोनिया
- सेप्सिस
- बिसिनोसिस
- प्रतिजैविके
- व्यवसायजन्य रोग
- किल्लारी भूकंप